गृहपाठातले ‘गृह’ गेले कुठे?

रात्रीचे पावणेबारा वाजलेले असतात. दुसरी पाळी सुटल्यावर निघालेल्या कंपन्यांच्या बस चाकणहून मोशीमार्गे भोसरीकडे येत असतात. चौकाचौकांत हातात डब्याची पिशवी घेतलेली माणसे उतरतात आणि गल्लीबोळांतून भाड्याच्या खोल्यांकडे चालू लागतात. खोलीत शिरणाऱ्या बापाला निजलेला मुलगा दिसतो आणि त्याच्या उशाशी उघडी राहिलेली वही दिसते. वहीत लाल शाईने इंग्रजी शेरा लिहिलेला असतो. खाली पालकाने सही करावयाची असते. शेऱ्यात नेमके काय म्हटले आहे हे त्याला उमगत नाही. तो सही करतो आणि दिवा मालवतो. बापलेकांची त्या दिवसाची भेट एवढीच!

ही एका घरची कथा नव्हे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले आणि पुढील दोन-तीन दशकांत पिंपरी, आकुर्डी, भोसरीच्या रानांवर कारखान्यांच्या शेड उभ्या राहिल्या. १९८२ मध्ये महापालिका झालेल्या या नगरीची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत दहा लाखांच्या आसपास होती. २०११ मध्ये ती सतरा लाखांवर गेली. त्यानंतर महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी ही चाकणच्या आसपासची गावेही कामगारवस्त्यांनी भरून गेली. खानदेश, मराठवाडा, विदर्भ येथून, बिहार आणि उत्तर प्रदेशातूनही माणसे येथे आली. त्यांतील कोणालाही विचारा, ‘गाव का सोडले?’ पोटाचे कारण तो आधी सांगेल. पण थोडा वेळ बोलल्यावर दुसरे कारण हमखास निघेल, ‘पोरांच्या शिक्षणासाठी.’

ज्या मुलांच्या शिक्षणासाठी घरदार सोडले, त्या मुलांच्या वहीत काय लिहिले आहे हेच बापाला कळेनासे व्हावे, याला काय म्हणावे? ‘गृहपाठ’ या शब्दात ‘गृह’ आधी आहे आणि ‘पाठ’ नंतर. आज पाठ उरला आहे, गृह हद्दपार झाले आहे. विशेष म्हणजे ही हद्दपारी कोणी लादलेली नाही. आपण ती शुल्क भरून, रांगेत उभे राहून, देणगी देऊन विकत घेतली आहे.

शंभरांश मिलिमीटर मोजणारा ‘अडाणी’ बाप

भोसरीच्या कोणत्याही लहान वर्कशॉपमध्ये जा. लेथवर उभा असलेला कामगार व्हर्नियर कॅलिपरने ०.०२ मिलिमीटरपर्यंत आणि मायक्रोमीटरने ०.०१ मिलिमीटरपर्यंत माप घेत असतो. ड्रॉइंगवरील सहनमर्यादेबाहेर माप गेले तर नग बाद होतो, हे त्याला पक्के ठाऊक असते. शून्य पूर्णांक पाच दशांश आणि शून्य पूर्णांक पाच शतांश यांत किती अंतर आहे हे त्याच्या बोटांना कळते. दशांश अपूर्णांकांचा असा जाणकार पाचवीच्या वर्गाला शोधूनही सापडावयाचा नाही!

आणि हाच मनुष्य घरी आल्यावर मुलाचे दशांश अपूर्णांकांचे पुस्तक पाहतो आणि म्हणतो, ‘आपल्याला यातलं काही कळत नाही, शिकवणीच्या बाईंना विचार.’ त्याला गणित येत नाही काय? गणित तो दिवसाचे आठ तास जगतो. त्याला येत नाही ती पुस्तकाची भाषा. ती भाषा त्याने स्वतः निवडलेली आहे आणि त्या निवडीने त्याला स्वतःच्याच घरात अडाणी ठरविले आहे.

कोणी म्हणेल, कारखान्यातील भाषा तरी कोठे मराठी आहे? लेथ, टूल, शिफ्ट, ड्रॉइंग हे सारे शब्द इंग्रजीच. मान्य आहे. परंतु शब्द उसने घेतले तरी त्या शब्दांभोवतीचा विचार तो मराठीत किंवा हिंदीत करतो. नवख्या मुलाला हाताखाली घेऊन काम शिकवितो तेही आपल्याच बोलीत. म्हणून तर ते काम शिकविता येते. उसन्या शब्दांनी भाषा मरत नाही. विचार करण्याची भाषाच उसनी घेतली की मात्र शिकविणाऱ्याचे तोंड बंद होते.

आईची अवस्था याहून निराळी नाही. आपल्या आज्यांना पावकी, निमकी, पाउणकी, दिडकी तोंडपाठ असत. शाळेची पायरी न चढलेली बाई बाजारात सव्वा शेराचा हिशेब उभ्या उभ्या करीत असे आणि नातवाकडून तो करवूनही घेत असे. तो तिचा गृहपाठच होता. आज तीच आजी गावाहून चार दिवस राहावयास आली तर नातवाचे पाढे तिला परके वाटतात, आणि नातवाला आजी मागासलेली वाटते. एका पिढीने दुसरीला जे द्यावयाचे ते देण्याची वाटच बुजली. संस्कारांचा ऱ्हास झाला म्हणून व्याख्याने झोडण्यापूर्वी ही वाट कोणी बुजविली याचा विचार करावयास हवा.

अधिकार पालकाचा, मग उत्तरदायित्व कोणाचे?

इंग्रजी नको असे येथे कोणी म्हणत नाही. इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हणणाऱ्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८८० मध्ये टिळकांसह न्यू इंग्लिश स्कूल काढले. परंतु त्यांची १८७४ मध्ये सुरू झालेली निबंधमाला होती मराठीत. ते दूध पचविण्याची शक्ती स्वभाषेने दिली होती. आजच्या महाराष्ट्रात तर इंग्रजीसाठी माध्यम बदलण्याचे कारणच उरलेले नाही. प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी हा विषय शिकविला जाऊ लागला. मोरे याच पिंपरी-चिंचवड परिसराचे. चिंचवडचे नाट्यगृह आज त्यांच्या नावाने ओळखले जाते. त्या निर्णयाच्या वेळी पुष्कळ वादळ उठले होते. पण त्यामागील भूमिका स्पष्ट होती : मराठी शाळेतील गरिबाच्या मुलालाही इंग्रजी मिळावे. विषय म्हणून इंग्रजी आणि माध्यम म्हणून मराठी ही सोय पाव शतकापासून उपलब्ध आहे. सेमी इंग्रजीचा मध्यममार्गही आहे. तरीही आपण माध्यमच बदलले, कारण आपल्याला इंग्रजी हवी होती त्याहून अधिक इंग्रजी शाळेचा गणवेश हवा होता. हे कटू आहे, पण सत्य आहे.

१८३५ च्या मेकॉलेच्या टिपणाला दोष देण्याची आपल्याकडे प्रथा आहे आणि ती अकारण नाही. तथापि मेकॉलेला सत्तेच्या बळावर जे करावे लागले, ते आपण स्वखुशीने आणि हप्त्याने करीत आहोत. भारतीय राज्यघटनेत १९५६ साली समाविष्ट झालेला अनुच्छेद ३५०-अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयी कराव्यात असे राज्यांना सांगतो. २००९ चा शिक्षण हक्क कायदा व्यवहार्य असेल तेथवर मातृभाषा हेच माध्यम असावे असे सांगतो. २०२० चे राष्ट्रीय शिक्षण धोरण शक्य असेल तेथे किमान पाचवीपर्यंत, आणि शक्यतो आठवीपर्यंत, मातृभाषेचा आग्रह धरते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मात्र कर्नाटकच्या प्रकरणात ६ मे २०१४ रोजी निर्णय दिला की, शासनाला मातृभाषेची सक्ती करता येणार नाही. माध्यम निवडण्याचे स्वातंत्र्य मुलाचे आणि त्याच्या वतीने पालकाचे आहे.

या निर्णयावर टीका पुष्कळ झाली. पण त्यातून निघणारा दुसरा अर्थ फारसा कोणी सांगितला नाही. निवडीचा अधिकार पालकाचा असेल तर त्या निवडीचे उत्तरदायित्वही पालकाचेच आहे. ‘शासन काय करते?’ हा प्रश्न येथे संपतो आणि ‘मी काय केले?’ हा प्रश्न सुरू होतो. ज्या शाळेचा गृहपाठ मला वाचता येत नाही, ती शाळा मी निवडली असेल, तर रोज संध्याकाळी दोन तास त्या निवडीची किंमत माझे मूल मोजत आहे, हे मला ठाऊक असले पाहिजे.

येथे स्वकीयांनाही चार शब्द सुनावणे आवश्यक आहे. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले. मातृभाषेच्या महतीवर बौद्धिके आपल्याकडे कमी होत नाहीत. परंतु व्यासपीठावरून खाली उतरलेल्या वक्त्याची नातवंडे कोणत्या माध्यमात शिकतात हे विचारण्याचे धाडस श्रोते करीत नाहीत, आणि केले तर उत्तर ऐकवत नाही. ज्या दिवशी आपल्यातील डॉक्टर, अभियंता आणि प्राध्यापक आपल्या मुलाचे नाव शेजारच्या मराठी शाळेत घालेल, त्या दिवशी खराबवाडीतला कामगार न सांगता त्याचे अनुकरण करील. तोपर्यंत त्याला उपदेश करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आणि ज्यांना इंग्रजी माध्यमाविना उद्योगात निभाव लागणार नाही असे वाटते, त्यांनी चाकणलाच डोळे उघडून पाहावे. येथे फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला. मर्सिडीजही येथेच आहे. तळेगावचा जनरल मोटर्सचा प्रकल्प कोरियाच्या ह्युंदाईने घेण्याचा करार २०२३ मध्ये झाला. ज्या देशांनी ही यंत्रे घडविली, त्या देशांतील कामगाराचा मुलगा अपूर्णांक कोणत्या भाषेत शिकतो? जर्मनीत जर्मनमध्ये, कोरियात कोरियनमध्ये. तेथील बापाला मुलाची वही वाचता येते. इंग्रजी ते नंतर शिकतात, आणि चांगले शिकतात. परक्या भाषेत पहिलीचे गणित शिकण्याचा हट्ट त्यांनी धरला असता तर आज आपण त्यांच्या गाड्या जुळवीत बसलो नसतो!

शिकवणीचा बाजार

घर मागे सरले की रिकामी जागा बाजार भरून काढतो. ‘असर’च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात पहिली ते आठवीच्या मुलांपैकी पैसे देऊन शिकवणी लावणाऱ्यांचे प्रमाण २०१८ मध्ये २६.४ टक्के होते, ते २०२२ मध्ये ३०.५ टक्क्यांवर गेले. ही ग्रामीण भागाची स्थिती आहे. भोसरी-चिखलीच्या गल्ल्यांतून संध्याकाळी फेरी मारली तर शहराची कल्पना येईल. जिन्याखालच्या खोलीत वीस-पंचवीस मुले दाटीवाटीने बसलेली असतात. बाई फळ्यावर उत्तरे लिहितात, मुले ती उतरवून घेतात. गृहपाठ ‘पूर्ण’ होतो. शाळेला वही भरलेली दिसते, पालकाला शुल्काची पावती दिसते. मुलाला काय समजले हे मात्र कोणालाच दिसत नाही.

प्रा. यशपाल यांच्या समितीने १९९३ मध्येच सांगून ठेवले होते की, दप्तराच्या वजनापेक्षा न समजण्याचे ओझे अधिक घातक असते. केंद्र शासनाच्या २०२० च्या दप्तर धोरणाने गृहपाठाची मर्यादाही आखून दिली : दुसरीपर्यंत गृहपाठच नको, तिसरी ते पाचवी आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, सहावी ते आठवी दिवसाला एक तास, नववीपासून दिवसाला दोन तास. बालवाडीच्या मुलाला चार चार पाने लिहावयास लावणाऱ्या शाळांना हे धोरण कोणी दाखविले आहे काय? पालकसभेत शुल्काविषयी तावातावाने बोलणारे पालक याविषयी चकार शब्द काढीत नाहीत. उलट गृहपाठ कमी असेल तर ‘शाळेत काही शिकवत नाहीत’ अशी तक्रार करतात. आणि ‘प्रोजेक्ट’ नावाचा प्रकार तर विचारूच नका! थर्माकोल, चकाकता कागद, दुकानातून विकत आणलेली चित्रे. रात्री अकरा वाजता आई ती चिकटविते आणि मूल झोपलेले असते. दुसऱ्या दिवशी त्या मुलाला ‘छान’ असा शेरा मिळतो. आपण त्याला त्या दिवशी पहिली लबाडी शिकविलेली असते.

जेथे सर्व काही शासनाने करावे असे मानणारी विचारसरणी आणि सर्व काही विकत मिळते असे मानणारा बाजार यांत निवड करावयाची असते, तेथे कुटुंब उरत नाही. आपली परंपरा या दोहोंच्या मध्ये कुटुंबाला उभे करते. चिंचवडच्या चापेकर बंधूंचे वडील कीर्तनकार होते; मुले त्यांच्या कीर्तनात साथीला उभी राहत. वडिलांच्या कामात मुलांचा हात आणि मुलांच्या घडणीत वडिलांचा हात, असे ते घर होते. त्याच चिंचवडमध्ये गिरीश प्रभुणे यांनी उभारलेल्या पुनरुत्थान समरसता गुरुकुलम्‌मध्ये पारधी आणि अन्य भटक्या-विमुक्त समाजांतील मुले शिकतात. यमगरवाडीच्या प्रकल्पापासून प्रभुणे हे काम करीत आले आहेत. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री सन्मान जाहीर झाला. या मुलांच्या आईबापांपैकी अनेकांनी अक्षर पाहिलेले नाही. तरी त्यांच्या हातातील पारंपरिक कौशल्य हेही ज्ञान आहे असे मानून गुरुकुलाने त्याला शिक्षणात स्थान दिले. मुलाला आपल्या बापाची लाज वाटू न देणे, ही शिक्षणाची पहिली पायरी तेथे ओळखली गेली. लेथवरच्या बापाला आपण ती ओळख कधी देणार?

अर्धा तास, एक चटई

मग पालकाने करावे तरी काय? उत्तर सोपे आहे, म्हणूनच ते आपल्याला पटत नाही.

घरात अभ्यासाची एक वेळ आणि एक जागा ठरवावी. जागा म्हणजे वेगळी खोली नव्हे. एक चटई पुरे. त्या अर्ध्या तासात दूरचित्रवाणी बंद आणि मोबाइल फळीवर, आणि हा नियम प्रथम थोरांना. आपण मोबाइलवर चित्रफिती पाहत मुलाला ‘अभ्यास कर’ म्हणणे म्हणजे स्वतः पंगतीला बसून त्याला उपवास सांगणे होय.

मुलाच्या जवळ बसावे. त्याच्या जागी बसू नये. उत्तर सांगू नये, लिहून तर मुळीच देऊ नये. चुकले तर चुकू द्यावे. चूक ही शिक्षकासाठी मुलाने पाठविलेली चिठ्ठी असते. ती मध्येच फाडण्याचा अधिकार आपल्याला नाही.

रोज एक प्रश्न विचारावा : ‘आज काय शिकलास ते मला शिकव.’ उत्तर आपल्या भाषेत मागावे. मूल इंग्रजी माध्यमात असेल तर हे अधिकच आवश्यक आहे, कारण जे त्याला मराठीत सांगता येत नाही ते त्याला समजलेले नाही, फक्त पाठ झालेले आहे. हिंदीभाषक कामगाराने हेच हिंदीत विचारावे. न्याय एकच आहे. हा प्रश्न विचारण्यासाठी आईला अक्षरओळख असण्याचीही गरज नाही. ऐकणारे कान आणि घटकाभर वेळ एवढेच भांडवल लागते.

बापाने सुटीच्या दिवशी पट्टी, दोरी, वजनकाटा घेऊन बसावे. खोलीची लांबी मोजावी, किराणा सामानाच्या चिठ्ठीची बेरीज मुलाकडून करवून घ्यावी, शक्य असेल तर आपण कामावर काय मोजतो ते कागदावर काढून दाखवावे. मुलाला त्या दिवशी दशांश तर कळेलच. आपला बाप कोण आहे हेही कळेल.

आणि पालकसभेला जावे. आईने जावे तसे बापानेही जावे. गृहपाठ किती आणि कशासाठी, हे नम्रपणे पण ठामपणे विचारावे. वहीतील शेरा कळला नाही तर तो मराठीत सांगावा अशी विनंती करण्यात कसलीही लाज नाही. ज्या शेऱ्याचा अर्थ कळला नाही, त्याखाली सही करू नये.

ज्याला बारा बारा तास राबावे लागते, ज्याची नोकरी कंत्राटी आहे आणि ज्याची पाळी दर आठवड्याला बदलते, त्याला हा अर्धा तासही जड जातो हे आम्हांस ठाऊक आहे. अशा घरांसाठी समाजाने पुढे यावयास हवे. पुण्यात किशाभाऊ पटवर्धन यांनी १९७९ मध्ये ‘स्व-रूपवर्धिनी’ सुरू केली आणि वस्त्यांतील मुलांसाठी सायंशाखा उभ्या राहिल्या. त्याला लागली ती मोकळी जागा आणि रोज वेळेवर येणारी माणसे. या औद्योगिक पट्ट्यात गणेश मंडळे थोडी नाहीत, मंदिरांचे सभामंडप थोडे नाहीत. दहा दिवसांच्या ध्वनिवर्धकाच्या खर्चात तीनशे पासष्ट दिवसांची अभ्यासिका चालते. निवृत्त कामगार, अभियांत्रिकीचे विद्यार्थी, सेवानिवृत्त शिक्षिका यांनी आठवड्याचे दोन दिवस दिले तरी वस्ती बदलेल. संघाच्या शताब्दीनिमित्त पंच परिवर्तनात कुटुंब प्रबोधनाचा आग्रह धरला गेला. त्या प्रबोधनाचा आरंभ घोषणेने नव्हे, शेजारच्या मुलाच्या वहीने व्हावा.

हा पट्टा देहू आणि आळंदी यांच्या सान्निध्यात वसला आहे. जे ज्ञान मूठभरांच्या भाषेत अडकले होते, ते ज्ञानदेवांनी घराघरांच्या भाषेत आणले. त्यांच्या समाधीपासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या आपण ते पुन्हा घराबाहेर काढावे, यापरता दैवदुर्विलास नाही.

आणि चाकण म्हटल्यावर संग्रामदुर्ग आठवतो. १६६० मध्ये शाहिस्तेखानाच्या प्रचंड सैन्याने त्याला वेढा घातला. किल्ला भुईकोट, ना डोंगराचा आधार, ना कड्याचा. तरी फिरंगोजी नरसाळ्याने मूठभर माणसांनिशी तो जवळजवळ दोन महिने झुंजविला. घर हाही भुईकोटच आहे. बाजाराचा वेढा पडला आहे आणि आपण आतून दार उघडून बाहेर शिकवणीवाल्याला शोधत आहोत. किल्ला भिंतींनी राहत नाही, आत बसलेल्या माणसांनी राहतो. आज संध्याकाळी मुलाच्या शेजारी चटईवर बसा. वही उघडा. आणि सही करण्याआधी ती वाचा.